नागरिककेंद्री स्थानिक वार्तांकनात पत्रकाराची भूमिका : सीताबर्डीच्या संदर्भात

स्थानिक बातमी म्हणजे जवळची बातमी, ही समजूत वृत्तपत्रांच्या कार्यालयांत इतकी रुळलेली आहे की ‘जवळची’ म्हणजे नेमकी कोणाच्या जवळची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. महापालिकेच्या कार्यालयातून निघालेली प्रेसनोट, पोलीस ठाण्यातील गुन्ह्यांची दैनंदिन नोंद, मंत्र्यांच्या दौऱ्याचा कार्यक्रम आणि संघटनांची पत्रके यांतून शहराच्या पानाचा मोठा भाग भरतो, आणि या पद्धतीला कार्यालयकेंद्री वार्तांकन म्हणता येईल, कारण तिच्यात बातमीचा आरंभ सांगणाऱ्याच्या सोयीने होतो. नागरिककेंद्री वार्तांकनात हा क्रम उलटतो. एखाद्या निर्णयाचा परिणाम ज्याच्या घरावर, दुकानावर, चालण्याच्या वाटेवर किंवा मजुरीवर होणार आहे, त्याला कोणती माहिती हवी आहे, ती निर्णयापूर्वी किती दिवस आधी मिळाली तर उपयोगी पडेल आणि ती मिळाल्यावर त्याला काय करता येईल, या प्रश्नांपासून बातमीदार कामाला लागतो. नागरिक पत्रकारिता ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्यात सामान्य माणूस स्वतःच भ्रमणध्वनीवर चित्रण करतो किंवा मजकूर लिहितो. येथे चर्चा आहे ती व्यवसायाने पत्रकार असलेल्या, वेतन घेणाऱ्या आणि म्हणूनच उत्तरदायी असलेल्या माणसाच्या कामाची.

या विचाराला जुनी पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मधील ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात आधुनिक समाजाचे व्यवहार सामान्य माणसाच्या आकलनाबाहेर गेले असल्याची शंका मांडली, तर जॉन ड्यूई यांनी १९२७ मध्ये ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ या पुस्तकात, लोकांना एकत्र विचार करण्याची साधने मिळाली तर ते आपले प्रश्न समजून घेऊ शकतात, अशी बाजू घेतली. पुढे कॅन्सस राज्यातील ‘विचिटा ईगल’ या दैनिकाने १९९० च्या निवडणुकीत उमेदवारांच्या वक्तव्यांऐवजी मतदारांच्या प्रश्नांभोवती वार्तांकन रचले आणि त्यातून ‘सार्वजनिक पत्रकारिता’ या नावाने ओळखली जाणारी चळवळ वाढली. मराठी वाचकाला मात्र एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. ज्यांचे म्हणणे कोणतेच वृत्तपत्र छापत नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्र असले पाहिजे, या जाणिवेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. पत्र कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्न मराठी पत्रसृष्टीत तेव्हाच स्पष्टपणे विचारला गेला होता आणि नागरिककेंद्री वार्तांकनाची कसोटी आजही तीच आहे.

ही कसोटी लावून पाहण्यासाठी नागपुरातील सीताबर्डी, म्हणजे बोलीतील बर्डी, हे योग्य ठिकाण आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात ज्या टेकड्यांवर लढाई झाली, त्यांवर आज लष्कराच्या ताब्यातील किल्ला आहे. टेकडीच्या बाजूला टेकडी गणपतीचे देऊळ, जवळच झीरो माइलचा स्तंभ, थोड्या अंतरावर विधानभवन, खाली व्हेरायटी चौक, मोर भवन बसस्थानक, मेन रोडची बाजारपेठ, मोदी नंबर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, झाशी राणी चौकाजवळ विदर्भ साहित्य संघ आणि या सर्वांच्या मध्ये मेट्रोच्या दोन मार्गिका जेथे एकमेकींना छेदतात ते स्थानक, असा हा परिसर आहे. येथे राहणाऱ्यांपेक्षा येणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. म्हणून ‘सीताबर्डीच्या नागरिकांची मागणी’ असे शीर्षक देताना बातमीदाराने थांबावे. दुकानदार, फेरीवाला, त्याच्याकडून वस्तू घेणारी गृहिणी, खापरीहून मेट्रोने आलेला विद्यार्थी, गल्लीत वरच्या मजल्यावर राहणारे वृद्ध दांपत्य, बसची वाट पाहणारा खेड्यातला प्रवासी आणि हिवाळी अधिवेशनात मोर्चा घेऊन आलेली अंगणवाडी सेविका हे सर्व नागरिकच आहेत आणि त्यांचे हित पुष्कळदा एकमेकांच्या विरोधात जाते. नागरिकांची बाजू घेणारा पत्रकार अशी स्वतःची ओळख करून देणारे बरेच जण प्रत्यक्षात यांपैकी एकाच गटाची बाजू घेत असतात, आणि तो गट बहुधा ज्याच्याकडे पत्रकारांचे क्रमांक असतात तो असतो.

मेन रोडचा वाद याचे ठळक उदाहरण आहे. दुकानदारांची तक्रार अशी की दुकानाचे तोंडच झाकले जाते, ग्राहकाला आत यायला वाट उरत नाही आणि कर भरणाऱ्याचे नुकसान होते. फेरीवाल्यांचे म्हणणे असे की ते वर्षानुवर्षे याच जागेवर बसतात आणि हलवले तर गिऱ्हाईक तुटते. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे आणि अतिक्रमण विरोधी पथकाची कारवाई, काही दिवसांची मोकळीक आणि पुन्हा तीच दाटी, हे चक्र नागपूरकरांच्या परिचयाचे आहे. अशा कारवाईची बातमी बहुधा किती हातगाड्या आणि किती ट्रक माल जप्त झाला या आकड्याने सुरू होते आणि तेथेच संपते. आकडा पथकाने दिलेला असतो, छायाचित्रही पथकाबरोबर गेल्यामुळे मिळालेले असते. वाचकाला त्यातून कायदा कळत नाही, कारवाई कायदेशीर होती की नव्हती हेही कळत नाही.

हे कळावे यासाठी बातमीदाराने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ याची मूळ तरतूद वाचलेली असावी लागते. या कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाच्या हद्दीतील सर्व विद्यमान विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही. प्रमाणपत्रधारकाला हलवायचे किंवा काढायचे असल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते आणि त्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. विक्री क्षेत्रे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचा सल्ला घ्यावा लागतो, महापालिका आयुक्त त्या समितीचे अध्यक्ष असतात, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. कोणत्याही कारवाईच्या दिवशी विचारायचे प्रश्न एवढ्यावरून तयार होतात. सर्वेक्षण केव्हा झाले, यादीत कोणाची नावे आहेत, सूचना दिली होती काय, जप्तीची यादी कोणाच्या हाती आहे, माल कोठे ठेवला आहे आणि तो परत मिळाला काय, यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कारवाईच्या दिवशी मिळतच नाही, ते तिसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारावे लागते, आणि बातमीदाराची खरी उपस्थिती तिसऱ्या दिवशीच हवी असते.

परंतु एवढ्यावर थांबले तर वार्तांकन पुन्हा एकाच गटाचे होईल. १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट असल्याचे सांगितले, त्याच निकालात पदपथ अडवून राहण्याचा हक्क मात्र कोणाला नाही असेही म्हटले. १९८९ च्या सोदानसिंग प्रकरणात रस्त्यावर व्यापार करणे हे वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून व्यवसायाच्या मूलभूत स्वातंत्र्यात येते असे मान्य झाले. आणि मे २०२५ मध्ये अडथळामुक्त पदपथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. संविधानाने दोघांनाही हक्क दिलेले असताना पत्रकाराचे काम निवाडा देण्याचे राहत नाही. त्याने जागा मोजावी, आणि हा सल्ला शब्दशः घ्यावयाचा आहे. पादचारी सुविधांसंबंधी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, तेव्हा बातमीदाराने मोजपट्टी घेऊन मेन रोडच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर, सकाळी, दुपारी आणि सणासुदीच्या संध्याकाळी मोकळी रुंदी मोजावी, आणि ती कशाने व्यापली आहे हेही वेगवेगळे लिहावे. हातगाडी, दुकानाबाहेर काढलेले सामान, उभी दुचाकी, विजेचा डीपी, उखडलेली फरशी, जाहिरातीचा फलक, या प्रत्येकाचा वाटा दिसला म्हणजे ‘फेरीवाल्यांनी पदपथ गिळला’ हे वाक्य खरे आहे की अर्धवट, हे वाचक स्वतः ठरवू शकतो. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्या व्यक्तीला मेट्रो स्थानकापासून दुकानापर्यंत पोहोचता येते काय, हे त्या व्यक्तीबरोबर जाऊनच समजते; अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सुगम्यतेची कलमे बातमीत आणण्याचा तो सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

पुराच्या बातमीत वेळेचा प्रश्न अधिक तीव्र होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि सीताबर्डीतील मोर भवन बसस्थानकातही पाणी शिरून बसगाड्या अडकल्या. अशा वेळी नागरिकाची गरज तीन टप्प्यांत बदलते आणि बातमीदाराने प्रत्येक टप्प्याला वेगळे काम करावयाचे असते. पहिल्या काही तासांत कोणता रस्ता बंद आहे, कोणत्या मार्गाने सुटका पथक येत आहे, वीज कोठे तोडली आहे, बस कोठून सुटेल, एवढीच माहिती हवी असते. ती वेळ नमूद करून द्यावी, कारण सकाळी सहाला खरी असलेली माहिती आठला धोकादायक ठरू शकते. व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रफीत वापरण्यापूर्वी ती त्याच दिवसाची आणि त्याच ठिकाणची आहे याची खात्री फलक, इमारती, पाण्याची पातळी आणि ती पाठवणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे यांवरून करावी. जुन्या पुराची एक चित्रफीत पुन्हा पसरली तर घाबरलेला माणूस चुकीच्या दिशेने निघू शकतो.

दुसरा टप्पा पंचनाम्यांचा असतो आणि येथे स्थानिक वार्तांकन बहुतेक वेळा अपुरे पडते. शासनाने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांसाठी दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, ही बातमी सर्वत्र छापून आली. तिच्यामागून येणारी माहिती मात्र वाचकाच्या हाताला लागली पाहिजे: पंचनामा कोण करतो, भाडेकरूला मदत मिळते की घरमालकाला, बँक खात्याचा कोणता पुरावा लागतो, पंचनामा करणारे कर्मचारी आले तेव्हा घर बंद असेल तर पुढे काय, यादीत नाव नसेल तर आक्षेप कोठे आणि किती दिवसांत नोंदवायचा. हे प्रश्न कोरडे वाटतात, त्यांना ठळक शीर्षक मिळत नाही, पण चिखल उपसत बसलेल्या कुटुंबाला त्या आठवड्यात वृत्तपत्राकडून याहून मोलाचे काही नको असते. तिसरा टप्पा कारणांचा आहे. तलावाच्या सांडव्यासमोरील बांधकाम, नदीपात्राचा अरुंदपणा, गाळ, नाल्यांवरील बांधकामे या मुद्द्यांवर पूरग्रस्तांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली आणि संबंधित विभागांना शपथपत्रे द्यावी लागली. न्यायालयीन सुनावणीची बातमी न्यायमूर्तींच्या तोंडी ताशेऱ्यांवर संपवणे सोपे असते; शपथपत्रात कोणत्या कामासाठी कोणती मुदत दिली आहे ते नोंदवून ती मुदत संपल्याच्या दिवशी नदीकाठावर जाणे हे नागरिककेंद्री काम आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात त्या कामाची स्थिती सांगणारी बातमी जुलैमधील दहा बातम्यांपेक्षा अधिक उपयोगी असते, कारण मे महिन्यात अजून काही करता येते.

यानंतर मोर्चे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला होते आणि त्या काळात टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, झीरो माइल या परिसरात राज्यभरातून मोर्चे येऊन थडकतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे आणि झीरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. त्या दिवशी हजारो माणसे विदर्भाच्या खेड्यांतून येऊन दिवसभर उन्हात बसली होती आणि त्यांची भेट घेण्यासाठी शासनाच्या वतीने कोणी पुढे आले नाही, ही त्या शोकांतिकेमागची वस्तुस्थिती स्थानिक पत्रकाराने कायम ध्यानात ठेवावी, कारण मोर्चाची बातमी गर्दीचा आकडा आणि वाहतूक कोंडी यांत संपवण्याची सवय आजही गेलेली नाही.

मोर्चाचे वार्तांकन करणाऱ्याने आदल्या दिवशीच मागण्यांचे निवेदन मिळवावे, त्यातील प्रत्येक मागणी कोणत्या विभागाच्या अधिकारात येते हे पाहून ठेवावे आणि मागील अधिवेशनात त्याच संघटनेला कोणते आश्वासन दिले गेले होते ते शोधावे. रस्ता किती वाजेपर्यंत बंद राहील आणि बस कोठून वळवली आहे, ही प्रवाशाच्या गरजेची माहिती स्वतंत्र चौकटीत द्यावी. ती मुख्य बातमीत मिसळली की मोर्चेकरी हे केवळ अडथळा म्हणून उरतात. मैदानावर असताना पाण्याची, स्वच्छतागृहांची आणि बाहेर पडण्याच्या वाटांची सोय आहे काय, हे पाहणे हेही त्याचे कामच आहे, आणि ती सोय नसल्यास सायंकाळपर्यंत वाट न पाहता संबंधित अधिकाऱ्याला विचारून तत्काळ प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटून आल्यावर ‘सकारात्मक चर्चा झाली’ एवढे वाक्य पुरेसे मानू नये. कोण भेटले, काय लेखी मिळाले, कोणती तारीख दिली, हे विचारावे. गोवारी समाजाच्या मागणीचा प्रवास त्या नोव्हेंबरमध्ये संपला नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘गोंड-गोवारी’ या नोंदीत गोवारींचा समावेश होतो काय, या प्रश्नावर नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सव्वीस वर्षांच्या या वाटचालीत स्मृतिदिनाच्या बातम्या दरवर्षी आल्या, पण त्या दोन निकालांमुळे शाळेत शिकणाऱ्या किंवा नोकरीत लागलेल्या गोवारी तरुणाच्या आयुष्यात नेमके काय बदलले, हे सांगणारे वार्तांकन नेहमीच तुलनेने कमी राहिले. स्मृतिदिन हा वृत्तपत्राला सोयीचा असतो, निकालाचा परिणाम शोधण्यासाठी मात्र गावोगाव जावे लागते.

माहिती मिळवण्याच्या साधनांचा विचार करताना नागपूर महापालिकेच्या अलीकडच्या इतिहासातील एक गोष्ट विसरता येत नाही. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सर्वसाधारण सभेतील प्रश्न, स्थायी समितीतील वाद आणि विरोधी नगरसेवकाने हळूच दिलेला कागद, या तीन स्रोतांवर शहर वार्तांकन उभे होते आणि ते तिन्ही एकदम आटले. त्या काळाने दाखवून दिले की बातमीदाराचे कागद मिळवण्याचे स्वतःचे मार्ग असले पाहिजेत, सभागृह असो वा नसो.

यांतील पहिला मार्ग अर्ज न करता मिळणारा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, अधिकाऱ्यांची कर्तव्ये आणि निर्णयप्रक्रिया ही माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती प्रसिद्ध झालेली नसणे हीच एक बातमी असते. दुसरा मार्ग पाहणीचा. २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सूचना काढली होती. तिचा आधार घेऊन रस्त्याच्या कामाची निविदा, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका पाहण्याची विनंती करता येते. तिसरा मार्ग अर्जाचा. महाराष्ट्रात दहा रुपयांच्या शुल्कासह, एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या मर्यादेत अर्ज करावा लागतो, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते, ते न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले आणि पुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, नागपूरच्या बाबतीत आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, दुसरे अपील करता येते. जगण्याशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘मेन रोडवरील सर्व कारवायांची माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता विशिष्ट महिन्यातील जप्ती यादीची प्रत मागावी, कारण मोघम मागणीला मोघम नकार मिळतो. अनेक बातमीदारांना ठाऊक नसलेली तरतूद अशी की या कायद्यात कामांची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, त्यामुळे पदपथावर बसवलेल्या फरशीचा दर्जा हा केवळ मतभेदाचा विषय राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलले असल्यामुळे नकाराचे एक कारण अधिक सोपे झाले आहे. अशा वेळी सार्वजनिक हित अधिक मोठे असल्यास माहिती देता येते, या कलम ८(२) चा उल्लेख अर्जातच करणे शहाणपणाचे ठरते.

बातमीदाराने स्वतः वापरलेली ही रीत वाचकालाही सांगावी. बातमीच्या शेवटी दोन ओळींत अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा, शुल्क किती, मुदत किती, हे लिहिले की बातमी वाचणारा माणूस पुढचे पाऊल स्वतः टाकू शकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जन्माचा दाखला किंवा व्यवसाय परवाना यासाठी खेपा घालणाऱ्या माणसाची व्यथा छापताना ही तरतूद सांगितली नाही तर त्याच्या वाट्याला केवळ सहानुभूती येते. येथे एक पथ्य मात्र आहे. पत्रकाराने स्वतः फोन करून एखाद्याचे काम करून देणे आणि त्याची बातमी करणे, ही पद्धत लोकप्रिय असली तरी हानिकारक आहे, कारण तिच्यातून ओळख असलेल्याचेच काम होते हा समज दृढ होतो आणि रांगेतील पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही.

लोकांपर्यंत पोहोचण्याची शिस्तही शिकावी लागते. सीताबर्डीत दुपारी गेलेल्या बातमीदाराला गिऱ्हाइके आणि दुकानदार भेटतात. सफाई कामगार भेटायचा असेल तर पहाटे जावे लागते, हमाल आणि मालवाहू गाडीवाला भेटायचा असेल तर दुकाने उघडण्यापूर्वी, आणि रात्री बसस्थानकावर अडकलेली एकटी महिला प्रवासी कोणत्या अडचणीत असते हे शेवटच्या बसनंतरच दिसते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेली जागा, समजा एखाद्या वाचनालयाचा ओटा, लोकांना माहीत असली तर निरोप, कागद आणि तक्रारी तेथे येऊ लागतात. विशेष म्हणजे जे कधीच येत नाहीत त्यांची नोंद ठेवावी. महिनाभरातील बातम्यांतील बोललेल्या व्यक्तींची यादी काढून पाहिल्यास त्यांत किती स्त्रिया, किती भाडेकरू, किती विक्रेते आणि किती पदाधिकारी होते हे उघड होते आणि पुढच्या महिन्यात कोणाकडे जायचे ते ठरते.

बोलणाऱ्याची सुरक्षितता हा त्याचाच भाग आहे. हप्त्याविषयी बोलणाऱ्या विक्रेत्याचे नाव, त्याची गाडी ओळखू येणारे छायाचित्र किंवा त्याच्या जागेचे वर्णन छापून आल्यास दुसऱ्या दिवशी त्याची रोजी जाऊ शकते, म्हणून संमती घेताना ‘नाव छापू का’ एवढे न विचारता छापल्यावर काय होऊ शकते तेही सांगावे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ लागू होते; गल्लीचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय एकत्र छापले तरी सीताबर्डीसारख्या परिसरात ओळख पटते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तेथील छायाचित्रणासाठी पूर्वपरवानगी घ्यावी. ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर देण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा, रात्री नऊला फोन करून ‘प्रतिक्रिया मिळाली नाही’ असे लिहू नये. बातमीदारावर कामाच्या वेळी हल्ला झाल्यास महाराष्ट्राच्या २०१७ च्या प्रसारमाध्यम संरक्षण कायद्याखाली तक्रार नोंदवता येते, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

शेवटची सूचना संपादकांसाठी आहे. स्थानिक बातमीदार बदलतात, बीट बदलते, आणि जाणाऱ्याबरोबर त्या परिसराची सगळी स्मृतीही निघून जाते. म्हणून प्रत्येक परिसराची एक वही कार्यालयात असावी, कागदाची असो वा संगणकावरील, आणि तिच्यात दिलेली आश्वासने व त्यांच्या तारखा, न्यायालयातील याचिकांचे क्रमांक, माहिती अधिकारातील अर्जांची स्थिती, मोजलेल्या रुंदीच्या नोंदी, छापून आलेल्या चुका व त्यांची शुद्धिपत्रे लिहिलेली असावीत. ज्यांनी नाव न देण्याच्या अटीवर माहिती दिली त्यांची नावे त्या वहीत नसावीत. नव्याने आलेल्या बातमीदाराने पहिले काही दिवस बातमी न देता ही वही वाचावी, मुदत उलटलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि त्यांतील सर्वांत जुन्या नोंदीपासून आपले काम सुरू करावे.